आधी जू बघा: मिशिगनच्या शनिवारच्या मराठी मंडळींना खुलं पत्र

नोव्हाय, मिशिगन
24 ऑगस्ट 2025

मंडळी, नमस्कार.

बुधवारी गणपती येतायत आणि शनिवारी आपल्या मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा पहिला सामना आहे, न्यू मेक्सिकोविरुद्ध. एरवी या आठवड्यात मी मोदकांची यादी आणि पार्किंगची व्यवस्था यातच असतो. या वेळी पत्र लिहायला बसलोय, कारण गेल्या रविवारी ग्रुपवर जे ठरलं ते मला मान्य नाही.

ठरलं असं की मागच्या हंगामातला कौल याही वर्षी चालू ठेवायचा. सामना संपला की 'आजचा बसका बैल कोण' यावर मतं टाकायची आणि ज्याला सगळ्यात जास्त मतं पडतील त्या रनिंग बॅकचं, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्या गड्याचं, तोंड बैलाच्या चित्रावर चिकटवून फिरवायचं. तासाभरात एकतीस अंगठे आले. मी काहीच बोललो नाही. मागच्या वर्षीही बोललो नव्हतो, ती माझी चूक झाली. शुक्रवारी पोळा झाला. आदल्या दिवशीच्या खांदेमळणीचा व्हिडिओ धाकट्या भावानं गावाहून पाठवला, आणि तो बघितल्यापासून मला गप्प बसवेना.

हे ग्रुपवर न टाकता चारचौघांत लिहितोय, कारण ती चित्रंही ग्रुपपुरती राहिली नाहीत. कोलंबसच्या आणि शिकागोच्या मराठी मंडळींपर्यंत ती गेली. आपली मुलं ती शाळेत दाखवतात, हे मला माझ्याच मुलीकडून कळलं.

माझा या विषयाशी संबंध काय, तेही सांगतो. बावीस वर्षं झाली, बिग हाउसमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये, माझी एकच जागा आहे. 1,07,601 माणसं मावणाऱ्या त्या स्टेडियममध्ये थंडी, पाऊस, बर्फ काहीही असो, मी गेलोय. पण त्याच्याही आधी परभणीत कॉलेजकडून मी कबड्डी खेळायचो, चढाईला जायचो. तिसऱ्या वर्षी एका सामन्यात गुडघ्यातून कट्ट असा आवाज आला. आमचे सर म्हणाले, पट्टी बांध, उपांत्य सामना आहे. मी पट्टी बांधली आणि गेलो. त्यानंतर वर्षभर चढाईत मी वळायला घाबरायचो. वळलं की गुडघा सरकायचा. मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर संघातून नाव गेलं असतं. मैदानाच्या कडेला बसलेले लोक म्हणायचे, "ह्याची रग गेली. आता अंगावर जात नाही हा." ज्या वाक्यानं तेव्हा माझी झोप उडायची तेच वाक्य मी मागच्या वर्षी आपल्या ग्रुपवर दर शनिवारी वाचलं. त्या गुडघ्यात काय तुटलं होतं ते मला इथल्या डॉक्टरांनी वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी सांगितलं.

आता मुद्द्यावर येतो. मागच्या वर्षी आपला बसका बैल बहुतेक वेळा मिशिगनचा रनिंग बॅक डॉनोव्हन एडवर्ड्स होता.

त्याचा खेळ उतरला हे मी नाकारत नाही. आकडे समोर आहेत. 2022 मध्ये त्यानं 140 वेळा चेंडू नेला आणि 991 यार्ड काढले, म्हणजे दर खेपेला सात यार्डांहून जास्त. 2023 मध्ये 119 खेपांत 497 यार्ड, दर खेपेला सव्वाचारही नाही. समोरच्या गड्यांच्या भिंतीपाशी त्याचे पाय थबकायचे, फट दिसायच्या आधीच तो बाहेरच्या बाजूला वळायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्यावर वाद घाला, तासन्‌तास घाला, मीही घालतो. माझी तक्रार वेगळी आहे. 'यार्ड कमी झाले' इथून 'पोरगा भित्रा झाला' इथवर तुम्ही एका उडीत पोहोचता, आणि मधलं काहीच बघत नाही.

आमच्या आजोबांकडे एक बैल होता, नांगराला चालता चालता तासातच बसला. सालगड्यानं चाबूक उचलला तर आजोबांनी त्याचा हात धरला. म्हणाले, आधी जू बघ, मग खूर बघ, मग बैलाला बोल. जुवाखाली मानेला हाताएवढी सूज निघाली. शेतकऱ्यांची पोरं आहोत आपण निम्मीअधिक. ही तपासणी आपल्याला कुणी नव्यानं शिकवायची गरज नाही.

मग 2024 चं जू बघू या.

रनिंग बॅक एकटा पळत नाही. त्याच्यापुढे पाच जणांची ऑफेन्सिव्ह लाइन असते. तिनं फट पाडली तर तो निघतो, नाहीतर जागेवरच दबतो. जानेवारी 2024 मध्ये राष्ट्रीय विजेतेपदाच्या रात्री ज्या पाच जणांनी सुरुवात केली त्यांच्यातला एकही पुढच्या हंगामात नव्हता. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक जे. जे. मॅकार्थी व्हायकिंग्ज या व्यावसायिक संघाकडे गेला. प्रशिक्षक हार्बा चार्जर्स या व्यावसायिक संघाकडे गेले. नव्या हंगामात क्वार्टरबॅकच्या जागी तीन जणांना उभं करून पाहावं लागलं. फेकीची धास्ती उरली नाही की समोरचा संघ काय करतो हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे. मागचा माणूस पुढे आणतात, आठ जण फळीपाशी उभे करतात आणि चेंडू हातात पडायच्या आत रनिंग बॅकच्या अंगावर येतात. हे सगळं असूनही त्या हंगामात एडवर्ड्सनं 128 खेपांत 589 यार्ड काढले, म्हणजे दर खेपेला 4.6. आदल्या वर्षीपेक्षा जास्त. ज्या वर्षी तुम्ही त्याला दर आठवड्याला बैल केलंत त्या वर्षी त्याची सरासरी वर गेली होती. कौल घेताना एकानंही हा भागाकार केला नाही.

कुणी म्हणेल, त्याच लाइनच्या मागे आपल्याच दुसऱ्या रनिंग बॅकनं, कॅलेल मलिंग्जनं, 948 यार्ड आणि 12 टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणं) कसे काढले? रास्त प्रश्न आहे आणि त्याला मी बगल देणार नाही. मलिंग्ज आधी बचावफळीत लाइनबॅकर म्हणून खेळलेला, अंगानं भारी. फट नसली तरी दोघांना ओढत तीन यार्ड नेणारा. ज्या वर्षी फटीच पडत नव्हत्या त्या वर्षी तसाच गडी उठून दिसणार. एडवर्ड्सचं बळ मोकळ्या जागेत आहे. पन्नास यार्ड मोकळे मिळाले तर त्याला कुणी गाठत नाही. त्याला गर्दीत घुसवलं आणि तो मलिंग्ज निघाला नाही म्हणून त्याला भेकड म्हणायचं, यात न्याय कुठला? मलिंग्जला माझ्याकडून पैकीच्या पैकी. पण त्याचं कौतुक करायला दुसऱ्याचं तोंड काळं करावं लागत नाही.

दुसरी तक्रार आठवणीची. 26 नोव्हेंबर 2022 आठवा. तेव्हाचा आपला मुख्य रनिंग बॅक ब्लेक कोरम, त्याचा गुडघा आदल्याच आठवड्यात इलिनॉयविरुद्ध दुखावला होता. कोलंबसमध्ये ओहायो स्टेटसमोर भार पडला तो एडवर्ड्सवर, आणि त्याच्या हाताला तेव्हा जाड पट्टा बांधलेला होता. चौथ्या क्वार्टरमध्ये त्यानं आधी 75 आणि मग 85 यार्डांची धाव घेतली. एकूण 216 यार्ड. आपण 45-23 जिंकलो. आपले सगळ्यात ज्येष्ठ काका त्या दिवशी सोफ्यावर उभे राहून रडले होते. पुढच्याच शनिवारी बिग टेनच्या, म्हणजे आपल्या विद्यापीठांच्या लीगच्या, अंतिम सामन्यात पर्ड्यूविरुद्ध 185 यार्ड. दुखऱ्या हातानं खेळला तेव्हा तो तुमचा वाघ होता, आणि तेव्हा कुणी विचारलं नाही की हा हात उद्या कसा असेल.

आणि 8 जानेवारी 2024, ह्यूस्टन, राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना. कँटनला तळघरात आपण चाळीस जण दाटीवाटीनं बसलो होतो. वॉशिंग्टनविरुद्ध पहिल्याच क्वार्टरमध्ये एडवर्ड्सनं एकदा 41 आणि एकदा 46 यार्ड पळून दोन टचडाउन केले. 'हर हर महादेव'नं शेजारचे गोरे लोक दारात येऊन उभे राहिले. त्या रात्री सहा खेपांत 104 यार्ड. ते वजा केले तर त्या आधीच्या सगळ्या हंगामात त्याची सरासरी साडेतीनच्या आसपास होती. म्हणजे तुमच्या हिशेबानं 'संपलेला' गडी त्या रात्री मैदानात उतरला होता. तेच पाय, तोच गडी. फरक एवढाच की त्या रात्री समोर फट होती आणि त्यानं ती ओळखली.

कोरमचं तर मी विस्तारानं सांगायलाच हवं, कारण त्याच्यावेळी आपण सगळे चुकलो होतो, मी धरून. शस्त्रक्रियेनंतर 2023 मध्ये तो परतला तेव्हा त्याची सरासरी 5.9 वरून 4.8 वर आली होती. पहिला झटका गेलाय, दुसऱ्या पावलातला वेग गेलाय, असं मी स्वतः ग्रुपवर लिहिलंय. ते खरंही होतं. पण गेलेल्या वेगाच्या जागी त्यानं काय आणलं हे आम्ही बघितलंच नाही. थांबायचं कधी, लाइनमनच्या पाठीला हात लावून वाट कधी पाहायची, गोलपाशी दोन यार्ड हवे असताना खांदा किती खाली न्यायचा. त्या हंगामात धावून 27 टचडाउन केले त्यानं, आणि रोझ बाउलच्या उपांत्य सामन्यात अलाबामाविरुद्ध जादा वेळेत 17 यार्डांची धाव घेऊन सामना फिरवला. शरीर उतरलं तरी खेळाडू उतरतोच असं नाही. जॉर्जिया विद्यापीठाचा रनिंग बॅक निक चब, त्याचं उदाहरणही तुम्हाला ठाऊक आहे. ऑक्टोबर 2015 मध्ये टेनेसीच्या मैदानावर पहिल्याच खेपेला गुडघा गेला. पुढच्या वर्षी परतला तेव्हा लोक म्हणायचे, पूर्वीचा राहिला नाही. त्यानं 2016 मध्ये हजारावर यार्ड काढले, 2017 मध्ये त्याहून जास्त. दोन वर्षं लागली. आपण दोन शनिवार थांबत नाही.

तिसरी तक्रार 'सॉफ्ट' या शब्दाची. 2023 पासून बिग टेनचे संघ सामन्याच्या दोन तास आधी उपलब्धतेची यादी देतात. कोण खेळणार नाही, कोणाचं अनिश्चित आहे, एवढंच त्यात असतं. सट्ट्याच्या बाजारात आतल्या बातम्या विकल्या जाऊ नयेत म्हणून ती आली. जो सुई टोचून घेऊन, टेप बांधून, वेदना गिळून खेळतो त्याचं नाव त्या यादीत कुठेच नसतं. तो तुमच्या लेखी ठणठणीत असतो, आणि तीन यार्डांवर पडला की सॉफ्ट होतो. दर शनिवारी वीस-बावीस वेळा दीडशे किलोची माणसं अंगावर घेणारा वीस वर्षांचा मुलगा सॉफ्ट कसा असेल, हे मला एकदा समोर बसून समजावून सांगा. तो खेळ तुम्ही टीव्हीवर बघता. मी एकदा मैदानाच्या कडेला, चौथ्या रांगेत बसून पाहिलाय. तो आवाज लाकूड फोडल्यासारखा येतो.

चौथी गोष्ट पैशांची. "आता मिळतात ना पैसे, मग बोलणं खायला काय हरकत आहे?" हे वाक्य ग्रुपवर निदान दहा जणांनी लिहिलं. व्हिडिओ गेमच्या मुखपृष्ठावर आल्यापासून एडवर्ड्सच्या डोक्यात हवा गेली, हेही. 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येते आणि जुलै 2025 पासून विद्यापीठ स्वतः वाटा देऊ शकतं, पहिल्या वर्षी एकूण दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत, सगळ्या खेळांत मिळून. चांगलं झालं, फार उशिरा झालं. पण पैसे घेतले म्हणजे गुडघा आपल्या मालकीचा झाला का? खेळाडूचं खेळणं संपल्यावर त्याच्या दुखापतीच्या उपचारांची किमान जबाबदारी एनसीएएनं, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेनं, ऑगस्ट 2024 पासून घेतली आहे, ती दोन वर्षांची. माझा गुडघा तुटल्यानंतर वीस वर्षांनी बोलायला लागला.

या मुलांना 'विद्यार्थी-खेळाडू' म्हणायचं, हा शब्द एनसीएएनं 1950 च्या दशकात रुजवला तो कामगार नुकसानभरपाईचे दावे टाळण्यासाठी. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा केंट वॉल्ड्रेप हाही रनिंग बॅकच होता. 1974 मध्ये अलाबामाविरुद्ध पडला आणि मानेखालचं शरीर लुळं झालं. भरपाईसाठी तो पुढे वर्षानुवर्षं भांडला, आणि 2000 मध्ये टेक्सासच्या अपील न्यायालयानं सांगितलं की तो विद्यापीठाचा कर्मचारी नव्हता. आपण ज्याला शनिवारी बसका म्हणतो तो या रांगेतला आहे.

पाचवी तक्रार लिहिताना हात जड झालाय, पण लिहितो. आपण ज्यांना बैल म्हणतो ती बहुतेक मुलं काळी आहेत. या देशात काळ्या माणसाच्या शरीराला जनावर म्हणण्याचा इतिहास काय आहे, हे इथे वीस-पंचवीस वर्षं राहून, इथलं नागरिकत्व घेऊन आपल्याला माहीत नाही असं म्हणता येणार नाही. "आपण मराठीत म्हणतो, त्यांना कुठे कळतंय" हे उत्तर मला चालत नाही. चित्राला भाषा लागत नाही. मी वर आजोबांच्या बैलाची गोष्ट सांगितली ती यासाठी की निदान तेवढी तरी दया असावी. ती मुलं बैल आहेत असं मला म्हणायचं नाही, आणि माझं कुणी तसं वाचू नये.

आणि सहावी, जिच्यामुळे एप्रिलमध्ये मला रात्रभर झोप आली नाही. ग्रीन बेला ड्राफ्ट झाला, म्हणजे व्यावसायिक संघांनी कॉलेजच्या खेळाडूंची निवड केली. सात फेऱ्या, 257 नावं. सहाव्या फेरीत टायटन्सनी मलिंग्जला घेतलं. एडवर्ड्सचं नाव आलं नाही. नंतर जेट्सनी त्याला करारावर बोलावलं. त्या तीन दिवसांत ग्रुपवर आलेले हसरे चेहरे मी मोजले नाहीत. पण आपल्यातल्या एकानं एडवर्ड्सच्या पानावर जाऊन काय लिहिलं त्याचा फोटो त्यानं स्वतःच अभिमानानं टाकला होता. सामन्यावर लावलेले पैसे बुडल्याचा राग त्यात होता. ज्यानं आपल्याला ती ह्यूस्टनची रात्र दिली, त्याला आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी आपल्यातला एक जण चपलेनं मारून आला, आणि आपण त्याला सांगितलं नाही की बाबा रे, हे पुसून टाक.

माझ्या मागण्या अशा आहेत.

कौल बंद करा, या शनिवारपासून. जुनी चित्रं ज्यांनी बनवली त्यांनी ती सगळीकडून काढावीत.

कुठल्याही खेळाडूला, त्याच्या घरच्यांना थेट काहीही पाठवायचं नाही. ज्यानं एप्रिलमध्ये लिहिलं त्यानं ते पुसून त्याच जागी माफी लिहावी. नाव मी इथे घेतलेलं नाही आणि घेणारही नाही.

पैसे लावणाऱ्यांनी ते आपल्या घरी लावावेत. बुडालेल्या पैशांची चर्चा ग्रुपवर नको.

खेळावर बोला, मोकळेपणानं बोला. लाइन कुठे फुटली, खेळी चुकीची होती का, त्यानं फट चुकवली का, धडक द्यायच्या जागी तो बाहेर का वळला. "आज वाईट खेळला" हे म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. "भित्रा आहे" हे म्हणायच्या आधी तो सामना पुन्हा एकदा पाहा, चेंडूकडे न बघता पुढच्या पाच जणांकडे बघत.

शेवटची मागणी मोठी आहे. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला आणि बिग टेनला मी एक पत्र लिहिलंय. खेळताना झालेल्या सांध्यांच्या आणि डोक्याच्या दुखापतींवर खेळणं संपल्यानंतर दोन नव्हे, किमान दहा वर्षं उपचार मिळावेत. कुणाला किती खेपा द्यायच्या आणि दुखऱ्याला कधी बसवायचं यात शेवटचा शब्द प्रशिक्षकाचा न राहता डॉक्टरांचा असावा, आणि तो डॉक्टर प्रशिक्षकाच्या हाताखालचा नसावा. आपल्यात डॉक्टर आहेत, फिजिओ आहेत, वकील आहेत. मसुदा वाचा, चुका काढा, सह्या करा. वर्षाला हजारो डॉलरची तिकिटं आपण घेतो. आपलं ऐकावं लागेल.

गुरुवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर उत्तर द्या. कौल राहणार असेल तर मी ग्रुपमधून बाहेर पडेन. तिकीट सोडणार नाही. शनिवारी मी माझ्या जागेवर असेन, मुलीला घेऊन. तिला या वर्षी रनिंग बॅकच्या आधी लाइन बघायला शिकवणार आहे. सह्यांचा कागद माझ्या पिशवीत असेल, पेनही.

आपला,
नोव्हायचा परभणीकर